मिससाहेब पंगतीला बसल्या

तुमची-माझी ओळख नाही, म्हणून हे जमतंय. ओळखीच्यांपैकी कुणाजवळही मी हे बोललेले नाही — नवऱ्याजवळ नाही, मुलींजवळ नाही, ज्यांच्याबरोबर अर्धा जन्म काढला त्या इस्पितळातल्या बायकांजवळ तर नाहीच. मी नर्स होते. पुढे मेट्रन झाले, आता निवृत्त आहे. रक्त, पू, ओरडणं, मरणं — कशापुढेच मी कधी तोंड फिरवलं नाही. या एका गोष्टीपुढे फिरवलं. आणि फिरवलेलंच ठेवलं.

पुण्यात राहत असाल, आमच्या इस्पितळाशी कधी संबंध आला असेल, तर पंगतीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. नसेल तर थोडक्यात सांगते. परदेशातून आलेल्या एक मिशनरी डॉक्टर. त्यांनी शिकवलेली एक शेतकऱ्याची पोर. त्या पोरीच्या लग्नाला डॉक्टर तिच्या गावी जातात, खुर्ची नाकारतात, विहिणींच्या पंगतीत मांडी घालून जमिनीवर बसतात आणि हाताने भात कालवून जेवतात. गाव बघत राहतं. दरवर्षी त्यांच्या स्मृतिदिनाला ही गोष्ट सांगितली जाते, आणि दरवर्षी कुणीतरी डोळे पुसतं.

गोष्ट खरी आहे. मिससाहेब बसल्या, जेवल्या. ती नवरी मीच. सांगणारीही मीच. त्यात एक शब्द खोटा नाही — आणि तरी मी केलेली सगळ्यात मोठी लबाडी तीच आहे.

कशी, ते सांगायला बसले आहे. पण आधी मिससाहेब कळायला हव्यात. नाहीतर मी काय मोडलं ते कळणार नाही.

मिससाहेब स्वातंत्र्याच्या बऱ्याच आधी आल्या. तरुण होत्या, एकट्या होत्या. त्या काळी पेठांतल्या बायका पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा दाखवत नसत आणि खेड्यातल्या बायकांना दाखवायला डॉक्टरच नसे. नदीच्या अंगाला एका भाड्याच्या घरात त्यांनी दवाखाना काढला. त्याचं इस्पितळ झालं. पण त्यांचं खरं काम ते नव्हे. त्यांनी नर्सिंगची शाळा काढली आणि तिच्यात अशा मुली घेतल्या, ज्यांना दुसरं कुणी शाळेच्या पायरीवर उभं केलं नसतं — टाकलेल्या, विधवा, वेशीबाहेरच्या. आमच्याकडे असं काही करणाऱ्या त्या पहिल्या. आठवड्यातून एकदा बैलगाडीत औषधांची पेटी टाकून सोलापूर रस्त्याच्या गावांना जायच्या. पुढे जीप आली.

मराठी त्या एका शास्त्रीबुवांकडून शिकल्या होत्या. त्यामुळे झाडूवालीलाही ‘आपण’ म्हणायच्या, आणि बोचरं बोलायचं असलं तरी ‘आपण’च म्हणायच्या. स्वातंत्र्य आलं, बरोबरीची बरीच मिशनरी मंडळी परत गेली. तुम्ही कधी जाणार, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, “सामान फार आहे हो, बांधून होत नाही.” सामान म्हणजे एक ट्रंक. ती त्यांनी कधी बांधलीच नाही.

भोळं चित्र काढत नाही मी. आम्ही ख्रिस्ती व्हावं असं त्यांना वाटायचं का? वाटायचं. त्यांनी ते कधी लपवलं नाही. सकाळी वॉर्डात प्रार्थना व्हायची, नको असेल तिने व्हरांड्यात जावं. मी जायची. परत आले की त्या काही बोलायच्या नाहीत, फक्त पाहायच्या. रागाने नाही. वाट पाहत असल्यासारख्या. ती नजर पुढे येणार आहे, म्हणून सांगितलं.

त्यांचे नियम दोन. पहिला, पाण्याचा. वॉर्डात एकच माठ, आणि तो भरायचा विद्यार्थिनींनी, पाळीने — कुणाचीही मुलगी असो. भरणाऱ्या मुलीने पहिला पेला स्वतः प्यायचा, सगळ्यांसमोर. पेठेतल्या एका बाईंनी एकदा नाक मुरडलं. मिससाहेब शांतपणे म्हणाल्या, “आपल्याला हे पाणी चालत नसेल तर आपण तहानलेल्या राहा. आमची काही हरकत नाही.” दुपारपर्यंत बाईंना पाणी चालू लागलं.

दुसरा नियम फक्त त्यांचा स्वतःचा होता. तो सांगायचा तर सगुणाबाई सांगायला हव्यात.

सिस्टर सगुणाबाई या मिससाहेबांच्या पहिल्या विद्यार्थिनी. घर नगरकडचं, महारवाड्यातलं, आईवडिलांच्या वेळी ख्रिस्ती झालेलं. मी शाळेत दाखल झाले तेव्हा त्या शिक्षिका होत्या, आणि मिससाहेब नसताना इस्पितळ त्याच चालवत. उंच, सावळ्या, हातात बांगडी नाही, जिभेला धार. माझं पहिलं इंजेक्शन वाकडं गेलं तेव्हा म्हणाल्या, “उशीला काही आजार नाहीये गं, तिला कशाला टोचतेस?” मी रडले. तर म्हणाल्या, “रडून झालं की सुई उकळायला टाक.” मला माणूस आवडलं. मी आज जशी बोलते, जशी काम करते, ते सगळं त्यांचं आहे. आई माझी लोणी काळभोरला होती. पण मला घडवलं या बाईने.

गावोगाव दोघी जायच्या. गोरी मडम आली की पाटलाच्या घरून खुर्ची यायची, कपबशी यायची. सगुणाबाई अंगणात उभ्या. मिससाहेब कपाकडे बघून म्हणायच्या, “आम्ही दोघी आहोत.” दुसरा कप आला तर दोघी चहा घ्यायच्या. नाही आला तर पहिला तसाच निवायचा. रोग्याला मात्र तपासायच्या, औषध द्यायच्या, त्यात कमी नाही. मग गाडीत बसून दोघी थर्मासमधलं कोमट पाणी प्यायच्या. इतकी वर्षं, इतकी गावं — सगुणाबाईंना वगळून मिससाहेबांनी कुठे घोट घेतला नाही, घास घेतला नाही. हा दुसरा नियम. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. पाळायच्या, एवढंच.

आता माझ्या घराचं.

आम्ही लोणी काळभोरचे, शेतीवाले. मी लहान असताना आई धाकट्या भावाच्या वेळी अडली. मूल आडवं. गावच्या सुईणीने हात टेकले. वडिलांनी गाडी जुंपून आईला पुण्यात आणलं, आणि आई वाचली, भाऊही वाचला. “मडमबाईनं वाचवलं” — आमच्या घरात हे वाक्य देवाच्या नावासारखं होतं. त्या वाक्याच्या जोरावरच पुढे वडिलांनी मला नर्सिंगला पाठवलं. नाहीतर आमच्यातली मुलगी तेव्हा कशाला रोग्यांची शौचाची भांडी उचलायला जाते?

दाखल झाले त्या आठवड्यातच मिससाहेबांनी मला सगुणाबाईंसमोर उभं केलं. म्हणाल्या, “आपल्या आईला ह्यांनी वाचवलं. मी नव्हे.” आईला आणलं त्या दिवशी मिससाहेबांच्या बोटाला नखुरडं झालं होतं. पिकलेलं बोट घेऊन त्या बाळंतिणीला हात लावणार नव्हत्या. त्या आईच्या उशाशी बसल्या, तिच्याशी बोलत राहिल्या. आत हात घालून मूल फिरवलं ते सगुणाबाईंनी.

हे मी घरी सांगितलं का?

नाही. प्रत्येक सुट्टीत जायची, प्रत्येक वेळी “मडमबाईनं वाचवलं” ऐकायची आणि मान डोलवायची. म्हटलं, वडिलांना कळलं की आईच्या अंगाला कुणाचा हात लागला, तर माझं शिक्षण थांबेल. म्हटलं, आई नदीवर जाऊन अंग धूत बसेल. म्हटलं, म्हटलं, म्हटलं. गप्प राहायला कारण लागतंच, आणि ते मिळतंही.

मग माझं लग्न ठरलं. सासर हडपसरच्या पुढचं, घरचं शेत, मुलगा कारखान्यात. आमंत्रण द्यायला मी मिससाहेबांच्या खोलीत गेले तेव्हा सगुणाबाई तिथेच बसल्या होत्या. मी दोघींना बोलावलं. दोघींना — हे नीट ऐका. ‘मिससाहेब, तुम्ही दोघींनी यायचंच’ असं माझ्या तोंडाने म्हटलं. सगुणाबाई म्हणाल्या, “बघ हं. आम्ही आलो तर जेवूनच जाऊ.” हसत म्हणाल्या. पण मला विचारत होत्या. बोलावतेस ते समजून बोलावतेस ना, असं विचारत होत्या. मी म्हटलं, म्हणजे काय, या की.

बोलावताना मला माहीत नव्हतं का, मांडवात काय होईल ते? होतं. मनात आलं होतं — बघू, होईल काहीतरी, मिससाहेब आहेत, त्या सांभाळून घेतील. आपलं धैर्य दुसऱ्याच्या गाठीला बांधून मी बोहल्यावर चढले.

अक्षता पडल्या. ऊन वाढलं. पहिली पंगत विहिणींची, म्हणजे मुलाकडच्या बायकांच्या मानाची. पाट मांडले होते, पत्रावळींभोवती रांगोळ्या घातल्या होत्या, उदबत्त्या लावल्या होत्या. मी मुंडावळ्या बांधून ओसरीवर बसलेली, शेजारी चुलत सासूबाई. ही बाई सगळ्या वऱ्हाडाचं पंचांग होती. कोण कुठे बसणार, ते तिने ठरवायचं. मिससाहेबांना खुर्ची दिली होती. खुर्ची नको, मी सगळ्यांबरोबर खाली बसते, असं त्या म्हणाल्या आणि बायकांना कोण आनंद झाला! “मडम खाली बसती म्हनं! आवं, मडम मराठी बोलती!” आईने त्यांना हाताला धरून पंगतीत नेलं, मधल्या पाटावर बसवलं.

सगुणाबाई ओसरीच्या पायरीशी उभ्या होत्या. पांढरं पातळ, काठाला बारीक निळी रेघ. मिससाहेबांची बॅग आणि छत्री त्यांच्या हातात — मिससाहेबांना आई ओढत घेऊन गेली म्हणून मागे राहिलेली.

चुलत सासूबाई माझ्याकडे वळल्या. “ही दुसरी कोन गं? कुनापैकी?”

कुणापैकी. हा प्रश्न काय विचारतो, ते आपल्याकडे शेंबड्या पोराला कळतं.

मला बोलता आलं असतं. ‘ह्या माझ्या शिक्षिका’ म्हणता आलं असतं. काहीच नाही तर खोटं बोलून निभावता आलं असतं — सगुणाबाईंच्या कपाळावर तर काही लिहिलेलं नव्हतं. आणि एक वाक्य असं होतं की ते म्हटलं असतं तर निदान माझ्या माहेरची माणसं गप्प झाली असती: ‘ह्यांनी माझ्या आईला वाचवलं.’

मी काय म्हटलं?

“मडमबाईंकडे कामाला असते.”

असते. असतात नाही, असते. घरात भांडी घासणाऱ्या बाईबद्दल बोलावं तसं. आवाजही बारीक केला नाही. नवी नवरी म्हणून सगळ्या बायका माझं बोलणं ऐकायला टपलेल्या. अंगणापर्यंत गेलं ते.

चुलत सासूबाईंनी मान हलवली, म्हणाल्या, “मंग तिला बाहेर बसवा की. वाजंत्र्यांच्या पंगतीला घेत्याल.”

मी सगुणाबाईंकडे बघितलं. त्यांनी ऐकलं होतं. चेहऱ्यावर काही नाही. ऑपरेशनच्या टेबलावर रोग्याचं काही बिनसलं की त्यांचा चेहरा असा व्हायचा — सपाट, कामाचा. आणि मग त्यांनी जे केलं, ते मला आजही गिळता येत नाही. त्यांनी मला सांभाळून घेतलं. बॅग जरा वर उचलून दाखवली, म्हणाल्या, “हो, मिससाहेबांचं सामान आहे माझ्याकडे. मी बाहेरच थांबते.” वाढणारी एक पोरगी म्हणाली, मावशी, मागच्या पंगतीला बसा. तर म्हणाल्या, “नको गं बाळ. आज माझा गुरुवार आहे.”

त्यांचा गुरुवार! रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी बाई. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

आता मिससाहेब. पाटावर बसल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. आईला विचारलं, “सिस्टर कुठे आहेत?” आईला ऐकू गेलं नाही, की गेलं — कोण जाणे. मिससाहेबांची नजर मांडवाच्या टोकाला गेली. तिथे उन्हात, बैलगाड्यांच्या बाजूला, सगुणाबाई छत्री उघडून उभ्या होत्या. मग ती नजर ओसरीवर माझ्याकडे आली.

आणि थांबली. रागावली नाही. वाट पाहत राहिली. मी सांगितलं ना, ती नजर पुढे येणार आहे.

मी उठले असते, पायऱ्या उतरले असते, सगुणाबाईंचा हात धरून त्यांना आणलं असतं, तर काय झालं असतं? वऱ्हाड उठलं असतं? कदाचित. लग्न तर लागून गेलं होतं. मी मान खाली घातली. मुंडावळ्या पुढे आल्या. नवरीने मान खाली घालणं किती शोभून दिसतं.

खाली बघता बघताही मी बघत होते. मिससाहेबांनी एक हात जमिनीला टेकला. त्या उठायच्या बेतात होत्या. ‘आम्ही दोघी आहोत’ म्हणून निघणार होत्या, जशा नेहमी निघत. तेवढ्यात सगुणाबाईंनी तिकडून मान हलवली. अगदी किंचित. तोंडाला मास्क लावून या दोघींनी वर्षानुवर्षं नुसत्या डोळ्यांनी एकमेकींशी बोलून माणसं वाचवली होती. त्या मानेचा अर्थ मला येत होता, तिथे दुसऱ्या कुणाला येत नव्हता: बसा. पोरीचं लग्न आहे. मोडू नका.

मिससाहेबांनी हात उचलला. भात कालवला. घास घेतला.

बायका खूश झाल्या. कुणीतरी उखाण्यात मडमचं नाव घातलं. आणि मला काय वाटलं, सांगू? लाज नंतर आली, आणि सवडीने आली. त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. वा, छान झालं, असं वाटलं.

लग्नानंतर काही आठवड्यांनी मी कामावर परत आले. सकाळी वॉर्डात शिरते तर मिससाहेब नळावरून घागर आणून माठात ओतत होत्या. वय झालेलं, पाठ धरलेली. विद्यार्थिनी भोवती, “मिससाहेब, द्या ना, आम्ही भरतो.” त्या म्हणाल्या, “नको. माझी पाळी आहे.” कळलं की लग्नाहून परत आल्यापासून रोज त्यांचीच पाळी होती. मुलींना वाटलं, म्हातारपणाचा चक्रमपणा. कापडखोलीत सगुणाबाई चादरी मोजत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “त्यांना तुझ्याकडचं जेवण पचलं नाही.” आणि पुढची चादर उचलली.

त्यावर मी काय म्हणायला हवं होतं, ते तुम्हीही सांगू शकाल. मी म्हटलं, “सिस्टर, ड्यूटी कुठे आहे माझी?”

मिससाहेबांनी विषय कधी काढला नाही. माझ्याशी वागणं बदललं नाही. मला पुढचं शिक्षण दिलं, वर चढवलं. सगळ्या आयुष्यात त्या एकदाच स्वतःच्या नियमापासून ढळल्या, ते माझ्यामुळे — आणि त्याची भरपाई त्यांनी माझ्याकडून नाही, स्वतःकडून करून घेतली.

त्या इथेच गेल्या, पुण्यातच पुरलं त्यांना. अंत्ययात्रेत गाडीवाले होते, पेठांतल्या म्हाताऱ्या होत्या, नावाजलेले डॉक्टर होते. पहिल्या स्मृतिदिनाला विश्वस्तांनी मला बोलायला सांगितलं. ख्रिस्ती नसलेली, शेतकऱ्याच्या घरची विद्यार्थिनी — त्यांना ते बरं दिसत होतं. काय बोलावं सुचेना. मी पंगतीची गोष्ट सांगितली. सगुणाबाईंना गाळून. आधी वाटलं, ओघात राहिलं. दुसऱ्या वर्षी लोकांनीच मागितली, “ती पंगतीची सांगा हं.” मग ती दरवर्षीची झाली. मी ती घोटली, घासली, चकचकीत केली. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, ते मला पाठ झालं. मिससाहेबांना जी गोष्ट आयुष्यभर बोचली, तीच मी त्यांची थोरवी म्हणून वाटत फिरले.

आणि सगुणाबाई? पहिल्या रांगेत बसलेल्या असायच्या. दरवर्षी. मांडीवर हात ठेवून ऐकायच्या. एकदा कार्यक्रम संपल्यावर चहा घेताना माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, “छान सांगतेस हो. ऐकून ऐकून आम्हालाही वाटायला लागलंय, आपणही त्या पंगतीला होतो.”

कप घेऊन पुढे गेल्या. मी हसले. आजूबाजूच्यांना वाटलं, काहीतरी विनोद झाला.

पुढे इस्पितळाच्या दर्शनी भिंतीवर मिससाहेबांच्या कामाची माहिती देणारा दगड बसवायचं ठरलं. मी तेव्हा मेट्रन. नवीन विश्वस्तांना जुनं काही ठाऊक नव्हतं, सगळं मला विचारत. त्यातल्या एकाने विचारलं, “सिस्टर सगुणाबाईंचं काय करायचं? काहीजण म्हणतात, त्यांनी बरोबरीने उभं केलं हे सगळं. मिससाहेबांच्या नावाखाली त्यांचं घ्यायचं, की नंतर कर्मचाऱ्यांचा उल्लेख आहे, त्यात?”

विचारच करायला नको होता. पण मी विचार केला. दगडावर दोन नावं शेजारी आली, तर माझ्या गोष्टीत कुणीतरी दुसरी बाई शोधणार. विचारणार, लग्नाला त्या नव्हत्या का? होत्या तर कुठे बसल्या?

मी म्हटलं, “कर्मचाऱ्यांत.”

लग्नात मी नवखी होते, घाबरले होते, असं म्हणायला जागा होती. या वेळी मी माझ्या ऑफिसात माझ्या खुर्चीत बसले होते. मला कुणाची भीती होती?

सगुणाबाई शेवटी वारज्याला भाचीकडे राहायच्या. मी जायची अधूनमधून. गुडघ्यांविषयी बोलायचो, डाळींच्या भावाविषयी, नव्या मुलींना साधी चादर ताणून घालता येत नाही याविषयी. दर वेळी ठरवून जायची की आज बोलायचं. दर वेळी रिक्षा मिळेपर्यंत भाची सोबत खाली यायची, आणि मी तिच्याशी हवापाण्याचं बोलत उभी राहायची. शेवटच्या भेटीत सगुणाबाईंनी विचारलं, “काही सांगायचंय का तुला?” मी म्हटलं, “नाही हो, काय असणार.” त्या म्हणाल्या, “बरं.” त्यानंतर थोड्याच दिवसांत गेल्या. भाचीने जमलेल्यांना माझी ओळख करून दिली — मावशीची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी. मी नमस्कार केला.

हे इथेच राहिलं असतं. माझ्याबरोबर गेलं असतं. पण यंदा विश्वस्तांना वाटलं, माझी आई अजून आहे, तिला स्मृतिदिनाला बोलवावं. मिससाहेबांनी वाचवलेली बाळंतीण, आता पणजी झालेली. मी नको म्हणत होते. आई हट्टाने आली. तिला पुढच्या रांगेत बसवलं. मी नेहमीसारखी गोष्ट सांगितली, नेहमीसारखी लोकांनी डोळ्यांना पदर लावले. मग एका मुलीने माईक आईच्या तोंडापाशी नेला. “आजी, मिससाहेबांनी तुम्हाला वाचवलं ना?” आई म्हणाली, “व्हय. द्येवमानूस व्हती.” टाळ्या.

घरी आल्यावर तिने चपला काढल्या, पलंगावर बसली आणि म्हणाली, “तिचं नाव न्हाई घेतलंस.”

“कुणाचं?”

“त्या दुसरीचं. जिनं पोर फिरवलं.”

आई म्हणाली, “आगं, मी शुद्धीत व्हते. मडम माझ्या उशाला बसली व्हती, डोक्यावर हात ठिवून. आन् पोटात हात व्हता तो काळा. बांगडी नव्हती हातात. मला कळंना व्हय, मला कोन वाचवतंय? तुझ्या बापालाबी ठावं व्हतं.”

मी विचारलं — आवाज चढला माझा — “मग लग्नात का नाही बोललीस? तिला बाहेर ठेवलं तेव्हा?”

आईने माझ्याकडे पाहिलं. तिला मोठ्याने बोलायची सवय नाही.

“तुझी बाई ती. तू शिकल्याली. मला वाटलं, तू हाताला धरून आनशील आत, आन् मंग मी सांगीन समद्यास्नी. मी वाट बगत व्हते. तू मान खाली घातलीस. मंग मीबी घातली.”

एवढं बोलून तिने चहा मागितला.

सगळी वर्षं मी धरून बसले होते की माझी माणसं तशी होती, काळ तसा होता, मी एकटी काय करणार होते. त्या मांडवात माझ्या एका शब्दाची वाट पाहणारी दोन माणसं होती — एक पंगतीत पाटावर बसलेली, एक वाढायला उभी. आणि बाहेर उन्हात उभी असलेली तिसरी वाट पाहत नव्हती. तिने मला आधीच ओळखलं होतं.

दगड भिंतीत आहे. गोष्ट लोकांना पाठ आहे. मी नाही सांगितली तर दुसरं कुणी सांगेल. त्याचं काय करायचं ते मी पाहीन, ते तुमच्यावर टाकत नाही. फक्त आजवर जे फिरवून सांगत आले, ते एकदा सरळ लिहिते.

सिस्टर सगुणाबाई मिससाहेबांकडे कामाला नव्हत्या. ते इस्पितळ दोघींचं होतं. त्यांनी माझ्या आईला वाचवलं, मला शिकवलं, मी बोलावलं म्हणून माझ्या लग्नाला आल्या. मी त्यांना जेवू घातलं नाही.